काळी गाडी, आंब्याखालचं पार्किंग आणि वर्षातून पाच वेळा कुंभार्ली घाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागच्या दसऱ्याला घेतलेली काळी गाडी, सिंहगड रोडला सोसायटीत उघड्यावर पार्किंग, वर आंब्याचं झाड, आणि गुहागरजवळच्या गावी वर्षातून चार-पाच फेऱ्या. शोरूमवाल्यानं सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावर चढवायच्या पारदर्शक थराचे, ३५ हजार सांगितले. मेहुणे म्हणाले, रोज सकाळी फडकं मारत जा, बाकी काही लागत नाही. कुणाचं ऐकू, आणि गाडीला कव्हर घालू का?

दोघांचंही ऐकू नका. मेहुण्यांचं तर अजिबातच नको.

कराडजवळ पाटण रोडला माझी डेंटिंग-पेंटिंग आणि वॉशिंगची शेड आहे, २३ वर्षं झाली. एका बाजूला उसाचा पट्टा, दुसऱ्या बाजूला कोयनेचा पाऊस, आणि घाट उतरून समुद्रावर जाऊन परत येणाऱ्या गाड्या. त्यामुळे तिन्ही ऋतूंनी गाडीची काय दशा होते ते रॅम्पवर खालून बघायला मिळतं. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: वरचा रंग खराब करतो तो माणसाचा हात, आणि पत्रा सडतो तो खालून, जिथं कुणी वाकून बघत नाही तिथून. लोक मात्र सगळे पैसे वरच्या चकाकीवर घालतात.

आधी रंगाचं बोलू. कारखान्यातून येताना पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर असे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतात. त्यातला क्लिअर जेमतेम ४०-५०. म्हणजे तुमच्या डोक्याच्या केसाहून बारीक. चमक, ऊन, पाखरं, पाऊस, सगळं त्या एवढ्याशा पापुद्र्यावर झेलायचं असतं. आता सिंहगड रोडची धूळ म्हणजे काय, तर बांधकामाची वाळू, सिमेंट, रस्त्याची भुकटी. तिच्यावर कोरडं फडकं फिरवलं की तुम्ही गाडी पुसत नाही, पॉलिश पेपर मारता. आज संध्याकाळी अंधार पडल्यावर बॉनेटवर मोबाईलची बॅटरी तिरकी धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसले, तर ते फडक्याचे. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच, फक्त दिसत नाहीत. काळी गाडी खोटं बोलत नाही.

मग लोक येतात, ‘रबिंग मारून द्या’ म्हणतात. मी देतोही, पोटापाण्याचा धंदा आहे. पण दर रबिंगला क्लिअरचे दोन-चार मायक्रॉन जातात आणि गेलेला क्लिअर परत येत नाही. साबणाची वडी धुवून पुन्हा मोठी होते का?

तेव्हा पहिलं काम, धूळ बसली तर बसू द्या. नुसती बसलेली धूळ रंगाला काही करत नाही. आठवड्यातून एकदा, फार तर दहा दिवसांनी, नीट धुवा. मधल्या काळात काच पुसा, आरसे पुसा, बास. कापडी ब्रशनं झटकायचा मोहसुद्धा आवरा. आणि सोसायटीत एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या असा जो हिशेब चालतो त्यातून तुमची गाडी काढून घ्या. त्या पोराचा दोष नाही, महिन्याच्या तेवढ्या पैशात तो तरी काय करणार? त्याला पगार चालू ठेवा, फक्त सांगा, माझ्या गाडीवर नुसतं पाणी मार, हात लावू नकोस, काचा पूस. त्यासाठी दोन मायक्रोफायबरची फडकी तुमचीच द्या, आणि ती इतर गाड्यांना वापरायची नाहीत हेही हसत हसत सांगा.

धुण्याची माझी रीत सांगतो. गाडी सावलीत आणि बॉनेट गार असलं पाहिजे. आधी भरपूर पाणी, वरून खाली, निदान पाच मिनिटं. या पाण्यानंच अर्धी वाळू निघून जाते आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, शाम्पूत बुडवायचं, टप सोडून बॉनेट, मग दरवाजे असं नाही. टपापासूनच सुरुवात, एक भाग झाला की मिट साध्या पाण्यात खळखळून मगच पुन्हा शाम्पूत. संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. तिथं बसलेली ती वाळू तुमच्या क्लिअरमध्ये जाणार होती. दरवाजांचा खालचा वीतभर भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, आणि चाकांना वेगळं फडकं. कपड्याची पावडर वापरू नका, ती रंगावरचा व्हॅक्सही धुऊन नेते आणि न विरघळलेले दाणे चरे पाडतात ते वेगळंच. शेवटी पाणी सुकू न देता टिपून घ्या. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांना बोअर नाहीतर टँकरचं पाणी असतं. ते उन्हात आपोआप वाळलं की पांढरे गोल डाग उठतात, क्षारांचे. ताजे असतील तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून ओल्या फडक्यानं टिपायचे आणि लगेच धुवायचे. चार महिने मुरले तर माझ्यासारख्याकडे यावं लागतं.

आता पावसाळा. तुमची खरी परीक्षा इथं आहे, कारण तुम्ही उंब्रजवरून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरणार, आणि तेही गणपतीला, म्हणजे भर पावसात किंवा त्याच्या शेवटी. लोकांना वाटतं पाणी गाडीला खातं. पाण्यानं पत्रा सडत नाही हो, पाणी वाहून जातं. सडवतो तो अडकलेला चिखल, जो ओल धरून बसतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरात एक सात वर्षांची गाडी आली, मागच्या चाकावर टिकल्यांएवढे फोड आलेत म्हणून. वरून गाडी आरशासारखी, दर दिवाळीला पॉलिश केलेली. मागच्या चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिक लायनर, म्हणजे आतलं आवरण, उतरवलं तर आतल्या कडेला दोन-अडीच किलो लाल-काळी राड घट्ट बसलेली. बोटानं उकरली तर आत ओली, आणि वरून भाताचं एक रोप हिरवंगार उगवलेलं. त्यामागचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरनं दाबला तर पापडासारखा आत गेला. मालकांनी त्या रोपाचा फोटो काढून घेतला, मग बिल ऐकून गप्प झाले.

ही राड दोन जातींची असते. घाटावरची, आमच्या बाजूची काळी माती चिकट, पाणी शोषून फुगणारी. कडेला बसली की निघत नाही. कोकणातली जांभ्याची लाल माती बारीक, ती फटीत, दरवाज्याच्या रबरात, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमागे शिरते. तुमच्या प्रवासात दोन्ही एकावर एक बसतात.

म्हणून गावाहून आल्यावर त्याच आठवड्यात गाडी रॅम्पवर घालून खालून धुवून घ्या. वरून फोम मारला नाही तरी चालेल. पोराला सांगायचं, चारी चाकांच्या कमानीत आतून वरच्या बाजूला पाणी मार, मागच्या बंपरच्या आत मार, आणि दरवाज्याखालच्या लांब पट्टीला आतून मार. प्रेशर पंप मात्र रेडिएटर आणि एसीच्या जाळीवर जवळून मारू देऊ नका, त्या पात्या कागदासारख्या वाकतात. वर्षातून एकदा, नवरात्राच्या आसपास, लायनर खोलून धुवायला सांगा. तासाभराचं काम आहे. ‘साहेब, आत काही नसतं’ असं म्हणणारा पोरगा भेटेल. खोलायला लावाच.

दुसरी गोष्ट भोकं. प्रत्येक दरवाज्याच्या खालच्या कडेला तीन-चार लांबट भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी बाहेर जायला. चिखलानं ती बुजतात. दरवाजा हलवल्यावर आत पाणी खळखळलं, तर समजा बुजली. खराट्याची हीर घालून मोकळी करा. तार घालू नका, तिनं आतला रंग खरवडतो आणि तिथूनच गंज धरतो. आणि तुमच्यासाठी खास: पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते, तिच्याखाली पन्हळ असते. आंब्याचा मोहोर, सुकी पानं, देठ तिथं साठून कुजतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी बाहेर जायला वाट मिळत नाही, मग ते ब्लोअरमध्ये आणि तिथून पायाखालच्या गालिच्यात येतं. गाडीला कुबट वास येतोय, शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला आहे, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत निम्मे झाडाखाली गाडी लावणारे असतात. मे महिन्यात बॉनेट उघडून ती पन्हळ हातानं साफ करा. पाच मिनिटं लागतात. सनरूफ असेल तर त्याच्या चारी कोपऱ्यातल्या नळ्याही तपासून घ्या.

पावसाळ्यात आतली ओल हाही मोठा ताप असतो. रबरी मॅट काढून खाली रद्दीचे चार-पाच पेपर घाला आणि ओले झाले की बदला. याहून स्वस्त आणि चांगलं काही मला तरी सापडलं नाही. घर दोन-तीन मिनिटांवर आलं की एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, आतली कॉइल कोरडी होते आणि बुरशीचा वास येत नाही. काचेवर वाफ धरली की मात्र एसीच लावा, तो हवेतली ओल ओढून घेतो. फडक्यानं पुसून काच तेलकट होते, रात्री समोरच्या दिव्यांनी काहीच दिसत नाही. वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं, म्हणून ते बदलायचं जूनच्या आधी, पहिल्या सरीत किरकिरल्यावर नाही. आणि गाडी दोन-चार दिवस ओलीच उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक लायनर ड्रमला धरून बसतात. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

समुद्राचं वेगळं. गाव गुहागरजवळ म्हणजे घरासमोर उभ्या गाडीवरही खारं वारं येणारच. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे खारवलेला पत्रा कोरड्या दिवशीही आतून ओलाच राहतो. जिथं खडी लागून रंगाची टिकली उडाली असेल तिथं पहिला गंज. म्हणून शोरूममधून त्याच रंगाची टच-अपची बाटली घेऊन ठेवा आणि बॉनेटच्या पुढच्या कडेच्या टिकल्या टूथपिकच्या टोकानं भरा. ब्रशनं भरायला गेलात तर ठिपक्याचा डाग होतो. किनाऱ्यावर गाडी उतरवायची हौस असेल तर ती दुसऱ्याच्या गाडीतही भागवू नका. वाळूत रुतलेल्या आणि भरतीत सापडलेल्या गाड्या मी टो होऊन येताना पाहिल्यात. बाहेरून चार दिवसांत चकचकीत होतात, पण वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरा चढत राहतो. आज हॉर्न, उद्या काच, परवा सेन्सर.

पुराचंही सांगून ठेवतो, कारण तुमचा रस्ता चिपळुणातूनच जातो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतर कित्येक दिवस तिकडच्या गाड्या आमच्याकडे येत होत्या. त्यात दोन प्रकार होते. ज्यांनी पाणी ओसरल्यावर हात जोडून गाडी तशीच ठेवली, त्यांच्या सीट, गालिचे, वायरिंग गेलं, पण इंजिन वाचलं. ज्यांनी ‘बघू तर चालू होते का’ म्हणून सेल मारला, त्यांच्या सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जाईना आणि कनेक्टिंग रॉड वाकले. त्यात पुन्हा विमा कंपनी साध्या पॉलिसीत असं इंजिन सहसा धरत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घ्यावं लागतं. कोकणात जाणाऱ्यानं ते घ्यावं. कोटिंगच्या आधी घ्यावं.

थंडीबद्दल फार नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहिवर पडतं, धूळ ओली होऊन गाडीवर चिखलाचे ओघळ दिसतात, आणि ओलं आहे म्हणून लोक खुशाल फडकं फिरवतात. तो अर्धवट चिखल कोरड्या धुळीपेक्षा वाईट. आमच्याकडे त्यात साखर कारखान्याच्या चिमणीची काळी राख भर घालते, बोट लावलं की रेघ उठते; तीही नुसत्या पाण्यानंच जाते. तुमचा त्रास वेगळा. मोहोर फुटला की आंब्यावर तुडतुडे येतात आणि त्यांचा गोड चिकटा खाली पडतो. काचेवर आधी बारीक थेंब दिसतात, चार दिवसांत सगळी गाडी चिकट, मग त्यावर धूळ आणि काळी बुरशी. हा चिकटा साखरेचा असतो, कोमट पाणी आणि शाम्पूत विरघळतो, पण ताजा असेपर्यंतच. त्या दोन-अडीच महिन्यांत दर तीन-चार दिवसांनी नुसतं पाणी मारा. वायपर कोरड्या काचेवर फिरवू नका, काच आणि रबर दोन्ही जातात.

उन्हाळ्यात शत्रू एकच, पाखरांची शीट. उन्हात क्लिअर तापून फुगलेला असतो, त्यावर शीट पडते, सुकताना आवळते, रात्री क्लिअर गार होतो तो तिच्याच आकारात. शिवाय ती आम्लधर्मी. मेमध्ये सकाळी पडलेली संध्याकाळपर्यंत राहिली तरी छाप उमटते, काळ्या गाडीवर तर हमखास. घासू नका. ओलं फडकं तिच्यावर दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की वर उचलून घ्या. डिकीत पाण्याची बाटली आणि एक फडकं यासाठीच ठेवा. डांबराचे शिंतोडे उडाले तर फडक्याच्या टोकाला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून टिपा आणि जागा लगेच शाम्पूनं धुवा. पेट्रोल नको. आत डॅशबोर्डवर तो तेलकट पॉलिशचा स्प्रे मारू नका. बाहेर ४० असताना बंद गाडीत ६० च्या वर जातं, ते तेल काचेवर उडून बसतं. ओलसर फडकं आणि काचेमागे जाळीचा पडदा, झालं.

दसऱ्याचं एवढं सांगतो, कारण गाडीचा वाढदिवस आणि पूजा एकाच दिवशी येणार. हळदीचा डाग घासत बसू नका, धुवा आणि उन्हात ठेवा, उन्हानं हळद उडते. कुंकवाचं तसं नाही. बाजारच्या कुंकवात रंग असतो. स्वस्तिक काढायचंच तर काचेवर काढा. झेंडूचा हार तारेत ओवलेला घेऊ नका, पहिल्या वाऱ्यात ती तार बॉनेटवर नाचते.

आता तुमचे ३५ हजार. सिरॅमिक कोटिंग खोटं नाही. पाणी टिकत नाही, धूळ कमी धरते, धुणं सोपं होतं, शीट मुरायला थोडा जास्त वेळ मिळतो. पण त्याच्यावर ‘९ एच’ लिहिलेलं बघून लोकांना वाटतं आता ओरखडा पडणार नाही. तो आकडा पेन्सिलीच्या कडकपणाच्या मापाचा आहे, खनिजाच्या नाही. किल्लीनं आणि वाळूच्या फडक्यानं कोटिंगवरही चरे पडतात. खडी अडवायची असेल तर जाडसर पारदर्शक फिल्म लागते, तिला वेगळे पैसे. आणि वर्षभर फडकं खाल्लेल्या तुमच्या गाडीवर आधी चरे काढल्याशिवाय कोटिंग केलं, तर ते चरे काचेखाली ठेवल्यासारखे जपले जातील.

माझा हिशेब असा. व्हॅक्सचा ५०० ते १,००० रुपयांचा डबा आणा, मेच्या मध्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा स्वतः लावा. दोन तास लागतात. तो महिना-दोन महिने टिकतो, म्हणजे पाऊस लागताना आणि तुडतुडे यायच्या तोंडावर गाडीला अंगरखा मिळतो. उरलेल्यातले चार-पाच हजार खालच्या अँटी-रस्ट कोटिंगला घाला, पण अटी घालून: खालून धुवून पूर्ण वाळलेल्या गाडीवरच, तुमच्यासमोर, भोकांना टेप लावून. ओल्या चिखलावर मारलेलं कोटिंग म्हणजे गंजाला पांघरूण घालणं. आणि कुणी ‘खालून जळकं ऑइल फवारून देतो, गंज धरणारच नाही’ म्हणाला तर हात जोडा. जुन्या जीपगाड्यांच्या काळातली ती रीत, तिनं सस्पेन्शनच्या बुशांची रबरं फुगतात आणि धूळ दुप्पट चिकटते. बाकी पैसे विम्याच्या कलमाला आणि वायपरला.

राहिलं कव्हर. पावसाळ्यात नको; ओल आत कोंडते, वारा आला की ते ओलं कापड धुळीसकट गाडीवर घासतं, आणि पुढच्या वर्षी तुम्ही मला मोबाईलच्या बॅटरीत तेच गोल चरे दाखवाल. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस बाहेरगावी जाणार असाल, गाडी नुकती धुवून वाळवलेली असेल, तरच हवा खेळणारं कव्हर घाला. रोज काढा-घाला करायची वस्तू नव्हे ती. त्यापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा आणि डिसेंबर ते मार्च त्या आंब्याखालची जागा बदलून मागा. मिळाली नाही, तर निदान गाडी मागेपुढे लावून बघा. पुढची काच फांदीबाहेर आली तरी तुमची ती पन्हळ वाचेल.